तिवड्याभोवतीचे तारे

पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षीची ज्वारीची मळणी. माझे भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, हैदराबादला कॉलेजात शिकवायचे. चार दिवसांसाठी पुसेगावला आले होते. आमच्यात धाकटी सून भासऱ्यांशी बोलत नाही. पदर ओढून पाठमोरं बसायचं, आणि काही सांगायचंच झालं तर जावेच्या तोंडून.

दुपारी खळ्यावर भाकरी खाताना त्यांनी जावेला एक फोटो दाखवला. दुर्बिणीतून काढलेला. तिनं तो माझ्या हाती दिला. काळ्यावर पांढरा भोवरा, त्याला दोन वाकडे फाटे.

"ही एक दूरची आकाशगंगा, हे सगळे सूर्य आहेत," भासरे तिला सांगत होते. "मधल्या गाभ्याभोवती फिरून राहिलेत. आतल्यांची फेरी आधी पुरी होते, बाहेरचे मागं पडतात. या फाट्यांत वायू न् धूळ दाट असते. नवे तारे तिथंच जन्मत असावेत."

माझा घास हातातच राहिला. मला वाटायचं, देवानं आभाळ एकदाच करून ठेवलं. तर तिथं अजून जन्म चालूच!

समोर तिवड्याला, खळ्याच्या मधल्या खांबाला, बैलांची रांग बांधलेली. मागं एकदा दोर तुटला, तरी बैल सवयीनं फिरतच राहिले होते. बाहेरचे मागं पडले, रांग वाकली, अगदी या फोटोसारखी. पण चार फेऱ्यांत रांग उरलीच नाही, बैल खळंभर पांगले. मग हे फाटे टिकले कसे?

भासरे संध्याकाळच्या गाडीनं निघणार होते. आत्ता विचारलं नाही तर मला कधीच कळणार नव्हतं. मी जावेच्या कानात सांगितलं.

ती हसायला लागली. "बया! तारे काय, बैल काय, मला न्हाई सांगता येत. तूच बोल की."

"मी कशी बोलू?"

"त्यांच्याशी नको बोलू. तिवड्याशी बोल!"

मी तिवड्याकडे तोंड केलं. "दोर न्हाई, तर फिरून फिरून ते फाटे मोडत काहून न्हाईत?"

भासऱ्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली. वाटलं, चुकलंच आपलं. मग तेही तिवड्याकडेच बघत म्हणाले, "बराबर विचारलं. मोठमोठ्या विद्वानांना हेच कोडं पडलंय. उत्तर अजून कोणालाच ठाऊक न्हाई."

चौथीत शाळा सुटल्यापासून न कळणं हे माझ्या एकटीच्याच वाट्याचं वाटायचं. तर ते विद्वानांच्याही वाट्याला होतं! मग मी जावेकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अन् आत्ता, या घडीला, तिथं एखादा जन्मून राहिला असंल?"

"व्हय," ते म्हणाले. "आपण भाकरी खाऊन राहिलो, तेवढ्यातसुद्धा."