काकांना दानशूर बनवायला गेलो

दोष माझ्या बाळाराम काकांचा. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर शेवटी तुम्ही सगळे मलाच हसाल. हसालच म्हणा, पण चार शिव्या काकांनाही घाला.

तर काय झालं, इंजिनीअरिंग मी मध्येच सोडलं. का सोडलं ते विचारू नका, घरातले विचारून दमले. माझा नारपोलीचा दोस्त इरफान पॉवरलूमवरच्या ड्युटीला कंटाळला होता. दोघांनी मिळून जुने कयाक घेतले. कयाक म्हणजे वल्ह्याची हलकी, चिंचोळी होडी. खारबावजवळ आमच्या गावच्या खाडीत शनिवार-रविवार सफरी सुरू केल्या. मुंबईची माणसं यायची, कांदळवनातून वल्हवायची आणि साधा खेकडा दिसला तरी वाघ दिसल्यासारखी किंचाळायची. धंदा चालला ना राव!

आमचा हट्ट एकच. खाडीच्या जिवावर जगतो, तर खाडीला परत द्यायचं. प्लास्टिकची बाटली बंद. जेवण गावच्या बचत गटातल्या बायकांच्या हातचं. नफ्यातला हिस्सा कांदळवनाची रोपं वाढवायला. रोपवाटिका बायकाच सांभाळणार होत्या, अडलं होतं फक्त जागेवाचून.

आणि जागा होती! आमच्या घरच्या जमिनीचा एक तुकडा, अगदी खाडीकाठी. भरतीचं पाणी बांधापर्यंत येतं. रोपांना आणखी काय हवं?

एक दिवस बघतो तर तिथं डंपर माती ओततोय. बाजूला काका, कमरेवर हात.

"काका, हे काय?"

"भराव. दिसत न्हाय?"

"कशाला?"

"गोडाऊन बांधाचा हाय."

"कोणासाठी?"

"तुला कशाला पंचायती? जा, होड्या हाक तुज्या."

बघा! आमच्याकडची मोठी माणसं ही अशी. प्रश्न विचारला की यांचा अपमान होतो. आणि मोकळी जमीन दिसली की यांचे हात शिवशिवतात. गोडाऊन! चाललं असतं तर स्मशानालाही शटर लावलं असतं यांनी. मी ठरवलं, काही झालं तरी ही जागा सोडायची नाही.

आता काकांची दुखरी नस सांगतो. शाल आणि माईक. हळद असो, क्रिकेटचे सामने असोत, सत्यनारायण असो, स्टेजवरून नाव पुकारलं नाही की काका जेवणावर रुसतात. आणि चारचौघांत कशाला 'नाही' म्हणायची तर त्यांची छातीच होत नाही.

इरफानला प्लॅन सांगितला.

"भाई, पहले पूछ तो ले, जमीन का मामला क्या है."

"त्यांना विचारून उत्तर मिळतं का कधी?"

"फिर भी. घर की बात है."

"तू फ्लेक्स छाप रे!"

छापला. बचत गटाच्या कार्यक्रमात, देवळासमोर, काकांचा भलामोठा हसरा फोटो. खाली अक्षरं: 'रोपवाटिकेसाठी खाडीकाठची जागा देणारे दानशूर'. काकांना एवढंच कळवलं की तुमचा सत्कार आहे. कशाबद्दल, हे त्यांनी विचारलं असेल असं वाटतं तुम्हाला? छे!

आले. कडक इस्त्री, गॉगल. फ्लेक्स वाचला, गॉगल काढून पुन्हा वाचला. मग माझ्याकडे बघितलं. मी वेळ न घालवता माईक पकडला. "बाळाराम काकांनी गोडाऊन रद्द करून जागा गावाला दिली! होऊन जाऊ द्या टाळ्या!"

टाळ्या कडाडल्या. सरपंचबाईंनी शाल घातली, बायकांनी ओवाळलं. काका माझ्या कानाशी वाकले.

"येड्या, जागा नक्की द्याची हाय?"

"आता माघार नाही काका."

"बघ हां. मंग माज्यावर भुंकायचा न्हाय."

"दिली म्हणजे दिली!"

मनात म्हटलं, टरकला म्हातारा!

काकांनी माईक घेतला. घसा खाकरला. "मंडली, जागा दिली. पन ही शाल माजी न्हाय." आणि शाल काढून चक्क माझ्या खांद्यावर टाकली. "वाटनीत ह्यो तुकडा आमी ह्याच्या नावावर केला. तवा ह्यो आमच्यावर रागवून घराभाईर, ह्याला ठावच न्हाय. कॉलेज सोडला, उद्या खायल काय? म्हनून गोडाऊन बांधून भाडा ह्यालाच देनार व्हतो. पन पोरगा आमच्यापेक्षा मोठा निंगाला!"

बायका आरतीचं ताट घेऊन माझ्याकडे वळल्या. इरफान खुर्चीखाली काहीतरी पडल्याचं नाटक करून हसत होता. मी? मी नमस्कार करत उभा. दुसरं काय करणार, सांगा!

कार्यक्रम संपल्यावर काकांना कोपऱ्यात गाठलं. "आधी तोंड उघडायला काय झालं होतं? मी विचारलं होतं, कोणासाठी म्हणून!"

"सांगितला असता तर दिली असतीस?"

"दिली असती!"

काका पोट धरून हसले. हसू देत. मी खरंच दिली असती. निदान अर्धी.

भराव आम्हीच फावड्याने उपसला, इरफानने आणि मी. बायकांनी रोपं लावली, ती तगली. सफरी चालू आहेत, हिस्साही जातोय.

माझ्या नावावर तेवढीच जमीन होती. ती गेली.