झोळीभर पळसफुलं

साळूबाईच्या हातांकडं बघितलं की त्या दिवशी चुलीवर काय शिजलं ते कळायचं. डाळिंबाच्या सालीचा पिवळा, बाभळीच्या सालीचा तपकिरी, हिरड्यात गंजल्या लोखंडाचं पाणी पडलं की काळा. कुंभार पिंपळगावजवळच्या वस्तीवर ती घरच्या घरी लोकर न् सुती कापड रंगवायची. लेक शीतल जालन्यातून मोबाइलवर गिऱ्हाइकं जमवायची. फक्त केशरी साळूबाई चार वर्षं कुणाला देत नव्हती. "पळस यंदा बराबर फुलला न्हाई," असं दरवर्षी सांगायची. बांधाबांधावर पळस मात्र फुलांनी लगडलेला असायचा.

चार वर्षांपूर्वी फाल्गुनात तिनं धाकट्या दिराला, कारभारीला, सहज सांगितलं होतं, "भाऊजी, शेतात चाललाच हाव तर येताना झोळीभर फुलं आणा." दुपारी एकाएकी आभाळ आलं, गारा पडल्या आणि वीज नेमकी पळसावर कोसळली. खाली उभा कारभारी जागीच ठार झाला. आडोशाला गेला असंल बिचारा, असं लोक म्हणाले. साळूबाईनं ऐकून घेतलं. फुलं आपणच सांगितली होती, हे कुणाला सांगितलं नाही. गर्दीतून झोळी तिनंच उचलून आणली, फुलं सावलीत वाळवली आणि पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवली. टाकवेना, शिजववेना.

तेव्हापासून दुपारी दोरीवर ओली लोकर टाकली की पलीकडून खोकला ऐकू यायचा. कारभारीचाच, घशात अडकून पडलेला. ती लोकर सारून बघायची. रिकामं अंगण. नवरा रामकिसन म्हणायचा, "वारा असंल." पण वाऱ्याला कारभारीच्या तंबाखूचा वास कसा येईल?

यंदा फाल्गुनात कारभारीची बायको शालू पांढऱ्या लोकरीच्या लडी घेऊन आली.

"तृप्ती जालन्याला होस्टेलवर चालली, बाई. लेकीला शाल विणून द्यायचीय. केशरी करा."

"फुलं न्हाईत गं."

"माळ्यावर हायेत की."

साळूबाईचा पातेल्यातला हात तसाच राहिला.

"हे जाताना मला सांगून गेल्ते," शालू म्हणाली. "वहिनीनं फुलं सांगितलीत म्हणून."

"मंग चार वर्षं बोलली का न्हाईस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघून राह्यले."

साळूबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "भाऊजीला मीच धाडलं गं."

"म्हाईत हाय. डबा काढा."

दोघींनी फुलं भिजवली, उकळली, गाळून पाण्यात तुरटी घातली आणि लडी बुडवल्या. जुन्या फुलांत जीव उरला नव्हता. केशरी आलाच नाही. मळक्या हळदीसारखा पिवळा उतरला. "थांब, ताजी आणते," साळूबाई उठू लागली. शालूनं तिचा दंड धरला. "न्हाई. हाच ऱ्हाऊ द्या."

लडी दोरीवर टाकल्या. पाणी ठिबकत होतं. तेवढ्यात पलीकडून खोकला आला. साळूबाईनं मान वर केली नाही, पण शालूनं केली.

 मग शालू हळूच म्हणाली, "तुमच्याकडं बी येत्यात व्हय? मला वाटलं, माझ्याकडंच येत्यात."

त्याच संध्याकाळी साळूबाईनं रामकिसनला सगळं सांगितलं. तो भरल्या ताटावरून उठला. भाऊ त्याच्या अंगाखांद्यावर वाढलेला. दोन महिने तो बायकोशी बोलला नाही. पुढं बोलू लागला, तेही कामापुरतं. तृप्ती शाल घेऊन गेली. रंग आवडला का, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही काही सांगितलं नाही.

माफ केलं, असं शालू कधी म्हणाली नाही. पण ती येते. दुपारी दोघी दोरीच्या अलीकडं बसून गुंतलेल्या लडी सोडवतात. पलीकडं बघायला कुणी उठत नाही.