खड्ड्यावरची फरशी

कोथरूडच्या श्रीनिवास टिळेकरांना निवृत्तीनंतर एकच नाद लागला. दर थंडीत पंधरा-वीस हौशी माणसं गोळा करायची, मिनीबस ठरवायची आणि गावोगावचे जुने कारागीर दाखवून आणायचे. बघायला माणसं आली की कला टिकते, हे त्यांचं गाडी सुटतानाचं ठरलेलं वाक्य. यंदा वाटेवरचा सतार करणारा मुलाकडे बंगळूरला राहायला गेला होता. जुन्या तांब्या-पितळेच्या दुकानात मोबाइल विकायला लागले होते. उरला माणदेशातला गेनबा, हातमागावर घोंगडी विणणारा. तो असेल तर सहल, नाहीतर नाही.

फोन गेनबाच्या मुलानं, संपतनं उचलला.

"काका, औंदा येऊ नका. मागाचा खड्डा बुजवला, वर फरशी टाकली."

"अरे, मग आबा पाय सोडून बसतात कुठं? विणतात कसे?"

"विणत्यात कुठं? चार-पाच वर्सं झाली, तुमची गाडी यायची म्हणून माग मांडायचो. तुम्ही गेला की उतरवून माळ्यावर."

श्रीनिवासरावांचं लक्ष दिवाणावरच्या घोंगडीकडे गेलं. गेल्या सहलीतली. घरी येईल त्याला ते ती हात लावून बघायला लावत.

"आणि आम्ही विकत घेतल्या त्या?"

"मशीनच्या. बाजारातनं आणायचो. आबांना तुमचं मन मोडवंना."

"माग तरी आहे ना?"

"जुन्या वस्तूवाल्यानं नेला. तुमच्या पुण्यातच कुठल्या हाटेलात भिंतीला लावलाय म्हणं."

फोन स्पीकरवर होता. श्यामलाबाईंनी मेथी निवडता निवडता वर पाहिलं. "अहो, मग मिनीबस कशाला? रिक्षानं जाऊन येऊ."

तेवढ्यात गेनबानंच मुलाकडून फोन घेतला. "रामराम साहेब. राग मानू नका. पर सहल काढली तर आम्हाला बी न्या. कुठं माग चालू असंल तर एकदा बघायचा हाय."

"कळवतो," श्रीनिवासराव म्हणाले.

कळवायचं म्हणून त्यांनी आणखी दोन गावांत फोन लावले. एक नंबर बंद होता. दुसरा लगेच उचलला गेला. माणूस अगत्यानं बोलला.

"या की साहेब. तारीख तेवढी सांगा, त्या दिवशी माग मांडून ठेवतो."

श्रीनिवासरावांनी तारीख सांगितली नाही.