ओटीवर बसलेला टीव्ही

पोशीरची उज्वला नेरळच्या एका क्लासमध्ये संगणक शिकवते आणि घरी आली की सासूबरोबर पोहे निवडते. दोन्ही कामांत तिला खडा खपत नाही.

पोहे करून विकणाऱ्या त्यांच्या बचतगटाची जुनी मेल फुकटातली होती, एका बाईच्या मोबाइल नंबरवर काढलेली. ती बाई लेकीकडे राहायला गेली, नंबर बंद पडला आणि मेल उघडेनाशी झाली. गिऱ्हाइकांचे सगळे पत्ते आतच राहिले. तेव्हा उज्वला म्हणाली, आपली मेल आपल्या घरातल्या मशीनवर ठेवू. गटाच्या अध्यक्ष गौराबाईंनी मान डोलावली, पण अट घातली.

"दिवाळीची ऑर्डर हुकली तर तुझं मशीन भंगारात. मग आपली फुकटातलीच बरी."

उज्वलाने क्लासमधून काढून टाकलेला संगणक आणून कपाटावर बसवला. इंटरनेटवाल्याकडून जोडणीचा न बदलणारा पत्ता घेतला. मग ती राऊटरच्या मागे लागली. राऊटर बाहेरच्या कुणाला आपणहून आत घेत नाही, आणि मेल तर बाहेरूनच यायची. त्यासाठी राऊटरमध्ये डीएमझेड नावाची सोय असते: न बोलावता येईल त्याला घरातल्या एका ठरावीक मशीनकडे धाडायचं. शेंगा सोलता सोलता तिने हे सासूला, पुतळाबाईंना, सांगितलं.

"म्हंजे ओटी," पुतळाबाई म्हणाल्या. "येनाऱ्यानं ओटीवर बसावं. माजघरात त्याचं काय काम हाय?"

"तसंच, आई. फक्त ओटीवर बसणारं मशीन खमकं पाहिजे."

उज्वलाने मशीनला लागतील तेवढे अडसर घातले, मेलपुरती वाट मोकळी ठेवली आणि राऊटर घरातल्या प्रत्येक यंत्राला जो नंबर देतो, त्यातला त्याचा नंबर डीएमझेडमध्ये भरला. मेल येऊ लागली. पुतळाबाईही जाता-येता त्या कपाटाकडे कौतुकाने बघू लागल्या.

दिवाळी तोंडावर आली. एका दुपारी ठाण्याच्या दुकानातून मेघाचा फोन आला. ऑर्डर सकाळीच मेल केली होती. संध्याकाळपर्यंत होकार आला नाही तर ती पोहे दुसरीकडून घेणार होती. इकडे काहीच आलेलं नव्हतं. दुसरा एखादा पत्ता द्या, त्यावर टाकते, असंही मेघा म्हणाली.

गौराबाई समोरच बसल्या होत्या. दुसरा पत्ता दिला असता तर ऑर्डर मिळाली असती आणि मशीन गेलं असतं.

"पुन्हा पाठवू नका," उज्वला म्हणाली. "तीच येईल. संध्याकाळच्या आत होकार देते."

"आनि नाय आली तर?" फोन ठेवल्यावर गौराबाईंनी विचारलं.

मशीन चालू होतं. त्याने स्वतःलाच धाडलेली मेल त्याला मिळत होती. डीएमझेडमधला नंबरही तोच होता. मग उज्वलाने राऊटरला कोणकोण जोडलंय ते उघडलं, आणि तिला हसूच फुटलं. त्या नंबरावर टीव्ही बसला होता.

आदल्या संध्याकाळी वीज कडाडली होती. अशा वेळी पुतळाबाई घरातल्या झाडून सगळ्या पिना काढतात; पूर्वी एक टीव्ही जळाल्यापासूनचा हा नेम. आभाळ निवळल्यावर त्यांनी राऊटर लावला, लगेच मालिकेसाठी टीव्ही लावला आणि मेलचं मशीन सगळ्यात शेवटी. कुणाला कुठला नंबर दिला होता, ते राऊटर पिनेबरोबर विसरला होता. आला त्याला त्याने पुढचा नंबर दिला.

"म्हणजे कालपासून सगळं जग आपल्या टीव्हीला मेल द्यायला येतंय," उज्वला म्हणाली.

"तो बिचारा मालिका दाखवील का मेल घेईल?" पुतळाबाई म्हणाल्या. "पन पिना मी काढनारच. सांगून ठेवते."

"काढा की. मी याचा नंबर याच्याच नावाने बांधून टाकते. कुणी आधी येवो, कुणी मागून."

राऊटरमध्ये ती सोयही असते. ती उज्वलाने आधीच वापरायला हवी होती. तिने नंबर बांधला आणि वाट बघत बसली. मेल पाठवणारं मशीन एकदा हटकलं म्हणून नाद सोडत नाही, थोड्या थोड्या वेळाने परत येतं, यावर तिचा भरवसा होता. गौराबाईंचा नव्हता. चहा झाला, कप विसळून झाले, तरी त्या हलेनात.

मेल आली तेव्हा त्यांनी चष्मा चढवून ती स्वतः वाचली. दगडी पोहे होतेच, पण पातळ पोहे गेल्या दिवाळीच्या दुप्पट.

"एवढे? गिरणीवाला येडा व्हईल," गौराबाई म्हणाल्या. "उज्वला, हो लिव. आदी हो लिव."

उज्वलाने होकार धाडेपर्यंत त्या अंगण ओलांडून गेल्याही होत्या. पोह्यांसाठी आज रात्रीच भात भिजत घाला, असं आळीभर सांगत.