सासूबाईंची चुंबळ

माझ्या सासूला लकवा मारला तेव्हा मी पंचविशीच्या आत होते आणि तिच्या मते मला काहीच धड येत नव्हतं. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. आमचं गाव परभणीहून पोखर्णीकडे जाणाऱ्या वाटेला. मालक पूर्णेला रेल्वेत कामाला, रजा मिळेल तसे यायचे. घरात आम्ही दोघी आणि एक म्हैस. एके सकाळी सासूबाई धार काढायला बसल्या आणि डावीकडे कलंडल्या. डावा हात गेला, डावा पाय गेला, तोंडही एका बाजूला ओढलं गेलं.

आमच्याकडे याला अंगावरून वारं गेलं म्हणतात. वाऱ्याचा आजार, म्हणून वारं लागू द्यायचं नाही, हा गावाचा सरळ हिशोब. आयाबायांनी त्यांना आतल्या खोलीत निजवलं, झरोक्याला पोतं लावलं, दार लोटलं. कबुतराचं रक्त चोळा, असंही कुणी सांगितलं. मालक आले आणि गाडी जुंपून त्यांना परभणीच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. मीही सोबत होते. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग मला म्हणाले, "पडतील म्हणून घाबरू नका. निजवून ठेवायला घाबरा. बसवा, उभं करा, चालवा."

घरी आल्यावर मी आधी झरोक्याचं पोतं काढलं.

थोड्या दिवसांनी त्या धरून उभ्या राहू लागल्या. तोंड सुधारलं, बोलणं मोकळं झालं. राहिला प्रश्न परसाकडे जाण्याचा. तेव्हा गावात संडास कुठले? उजाडायच्या आत बायका घोळक्यानं नाल्याकडच्या बाभळीत जायच्या. सासूबाईंच्या काखेत हात घालून मी त्यांना तिथं न्यायची, बसवायची, उठवायची. गावातल्या सासवांची खरी बैठक तीच. घरात भिंतीला भिंत लागून, तिथं मात्र मोकळं रान. सुनांबद्दल जे काही बोलायचं ते तिथंच बोललं जायचं. आमच्या सासूबाई त्या बैठकीच्या पुढारी. पण आता सून काखेतच! मी असले की सगळ्या जणी कापसावर बोलायच्या.

एके दिवशी सासूबाईंचा धीर सुटला. "तू जरा लांब उभी ऱ्हा की गं."

"लांब उभी राहिले तर पडाल, आत्याबाई."

"पडू दे. माणसाला चार शब्द बोलायचे असतेत."

कुठले चार शब्द, ते मला समजलं. वाईट वाटलं नाही. उलट बरंच वाटलं, कारण चालायची इतकी निकड मी त्यांच्यात पहिल्यांदा पाहत होते. एकटीनं जायचं आणि सुनेची निंदा करून एकटीनं परत यायचं, यासाठी त्या वाटेल ते करायला तयार होत्या.

पण काठीनं जमेना. हातात काठी आली की त्या खाली पायाकडे बघायच्या. पायाकडे बघितलं की कंबर वाकायची, आणि वाकल्या की डावीकडे झुकायच्या. अंगणात सरळ निघालेली बाई शेवटी गोठ्याच्या भिंतीला जाऊन टेकायची. आपण झुकतोय हे त्यांना कळतही नसे. मी "डावीकडे, डावीकडे" ओरडले की त्या चिडायच्या, "मी सरळच हाय, तुझं घरच वाकडं हाय!"

मार्ग निघाला तो त्यांच्या तोंडाळपणामुळे. मी विहिरीवरून दोन घागरी घेऊन येत होते. त्या दाराची चौकट धरून उभ्या होत्या.

"डोक्यावर घागर हाय का चाळणी? सारी वाट भिजवायलीस. मान बघ कशी हालायली! आन ती चुंबळ इकडं, दावते तुला."

मी घागरी उतरवल्या. डोक्यावरचं गुंडाळलेलं फडकं, म्हणजे चुंबळ, त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ती डोक्यावर ठेवली आणि वर लहान कळशी मागितली. मी रिकामी दिली.

"रिकामं भांडं बसत न्हाई डोक्यावर. जवारी घाल."

चार मुठी ज्वारी घातली. कळशी डोक्यावर बसली आणि बाईची मान वर आली, पडलेला खांदा उचलला गेला, नजर समोर. कळशी असताना पायाकडे बघायची सोयच नव्हती. मी एका बाजूला, पण हात न लावता. त्या चौकट सोडून निघाल्या. मध्ये कळशी डावीकडे कलली. पूर्वी अंग कललेलं त्यांना कळत नव्हतं, कळशी कललेली मात्र ताबडतोब कळली. मान सावरली, मागोमाग कंबर सावरली. लहानपणापासून पाणी वाहिलेली मान ती, तिला शिकवावं लागलं नाही. गोठ्यापर्यंत सरळ गेल्या आणि तिथून ओरडल्या, "सांडलं का काही?"

"ज्वारी कशी सांडेल, आत्याबाई?"

"तू आसतीस तर सांडली आसती."

मग रोज तेच. सकाळी कळशी घेऊन अंगणात फेऱ्या, दुपारी बाजेचा खूर धरून उठाबशा. उठताना त्या मला शिव्या देत, आणि मी उठाबशा मोजत नसे, कारण शिव्या सुरू असल्या की दम टिकून आहे हे समजायचं.

गावात मात्र बोभाटा झाला. लकवा झालेल्या सासूला सून पाणी भरायला लावते! शेजारची काकी कुडावरून बघायची आणि हळहळायची. मालक रजेवर आले ते वेशीतूनच तापून आले. "आईच्या डोक्यावर कळशी? लोक काय म्हणायलेत ऐकलंस का?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर सावरला, चेहरा पाडला आणि म्हणाल्या, "काय करू बाबा. ती सांगती तसं करावं लागतं." मालकांचा चेहरा बघून त्यांना हसू आवरेना. हसताना त्यांचं तोंड अजून जरा उजवीकडेच जायचं. मग त्यांनी मला कळशी डोक्यावर चढवायला लावली आणि लेकाला अंगणभर चालून दाखवलं.

सुगीच्या सुमारास एका पहाटे मी उठले तर बाज रिकामी. दारही उघडं. चुंबळ नव्हती आणि पाण्याचा तांब्या नव्हता. तांब्या डोक्यावर घेऊन गेल्या होत्या! मागे धावायला मी उंबऱ्यापर्यंत गेले आणि थांबले. म्हशीचं शेण काढलं, चूल पेटवली, कान मात्र वाटेकडे. चांगलं फटफटल्यावर त्या आल्या, डावा पाय जरा ओढत, पण सरळ रेषेत.

"दारात का उभी? दूध काढलंस का?" एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुढची हकीकत मला विहिरीवर काकीकडून मिळाली.

"लय बोलली बघ तुझ्यावर आज."

"काय काय बोलल्या?"

"भाकर कडंला कच्ची ऱ्हाती म्हनली. म्हशीला अर्धपोटी ठेवती म्हनली. दुपारी घोरती म्हनली."

"जीभ अडखळत होती का हो, काकी?"

"कुठली! आमाला मधी बोलूच दिलं न्हाई."

"आणि उठताना? कुणी धरलं?"

"धरू देती काय! मी हात पुढं केला तर म्हनली, जाऊबाई, तुमी तुमचं लुगडं सांभाळा. अन् बाभळीला धरून उठली की."

मी एवढी हसले की पोहरा विहिरीत आपटला. काकी माझ्याकडे बघतच राहिली.

मग मी घागर खाली ठेवली. सासूबाईंबद्दल मलाही पुष्कळ बोलायचं होतं. इतके महिने ते पोटात ठेवलं होतं, कारण आजारी माणसाबद्दल बोलू नये. आता त्या आजारी राहिल्या नव्हत्या.

"बसा काकी," मी म्हटलं, "आता माझं ऐका."