मोरचुदाची पुरचुंडी

आमचे तळे जव्हारच्या बाहेर, उताराच्या तोंडाशी होते. वडील संस्थानच्या नोकरीत होते, तेव्हा त्यांना तिथे थोडी जमीन मिळाली आणि जमिनीबरोबर तळेही आले. त्यात त्यांनी वैतरणेचे मासे मडक्यांतून आणून सोडले होते. खाण्यासाठी नव्हे. संध्याकाळी कचेरीतून आले की पागोटे उतरवायचे, सकाळचा उरलेला भात मुठीत घ्यायचे आणि काठावर उकिडवे बसायचे. मासे तोंडे वर काढून जमायचे. आम्हा भावंडांशी कामापुरते बोलणारा हा माणूस माशांशी मात्र गप्पा मारायचा.

तळ्याला शेवाळाची खोड होती. होळीनंतर पाणी उतरू लागले की ते तळातून वर चढायचे आणि लांब केसांसारखे सगळीकडे पसरायचे. ते काढायला खालच्या पाड्यावरचे कुटुंब यायचे. तो, त्याची बायको आणि त्याची म्हातारी आई. तो बांबूच्या तराफ्यावर उभा राहून दाताळ्याने शेवाळ ओढायचा आणि बायका ते काठावर वाळत घालायच्या. त्याची मजुरी नव्हती. वाळलेले शेवाळ त्यांचे. आमच्याकडे भाताचे रोप टाकण्याआधी जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. फांद्या, पाला आणि शेणाच्या थरावर ते हे शेवाळ पसरायचे. तळ्याखालचा भाताचा एक तुकडा वडिलांनी त्याला कसायला दिला होता. त्यांचे पोट त्या तुकड्यावर होते.

माझे लग्न ठरले तेव्हा तो तराफ्यावरून ओरडला होता, "दादा, बायको दाताळा धरनारी बघितलीस ना? नाय तं शेवाळात राहशील!"

त्याची बायको काठावरून म्हणाली, "आन् तू काय धरतोस रं? घरचा दाताळा बी मीच धरते."

लग्नाआधी सासरची मंडळी नाशिकहून आमच्याकडे यायची होती. नेमकी तेव्हाच त्याची आई तापाने अंथरुणाला खिळली आणि तो कामाला येईना. तळे हिरवेगार झाले. मला त्याची लाज वाटू लागली. नाशिकला एका बागेच्या माळ्याकडून मी ऐकले होते की मोरचुदाने हौदातले शेवाळ मरते. आमच्या गोठ्यात गुरांच्या खुरांना लावायला मोरचुदाचे निळे खडे असायचे. किती पाण्याला किती घालायचे, हे मी माळ्याला विचारले नव्हते. होते नव्हते तेवढे गोणपाटात बांधून मी त्याची पुरचुंडी केली, ती तराफ्याला लोंबकळत सोडली आणि तळ्यातून फिरवून आणली. वडील तेव्हा मोखाड्याकडे फिरतीवर होते.

शेवाळ पिवळे पडून खाली बसले. मी खूश होतो. मग मासे पोट वर करून तरंगू लागले.

वडील फिरतीवरून परतले ते थेट काठावर गेले. हातात भात होता. तो त्यांनी टाकला नाही, तसाच मुठीत धरून बसून राहिले. मी सांगायला म्हणून दोन पावले पुढे गेलो होतो. तेवढ्यात आमचा गडी म्हणाला, "खालच्यांनी साल टाकली असंल. त्यांना मासे हवेच असतात."

आमच्या भागात उन्हाळ्यात रामेठ्याची साल कुटून ओहोळाच्या डोहात टाकतात. मासे गुंगतात आणि हाताने धरता येतात. पण त्याची रीत असते. सगळा पाडा मिळून ते करतो, मासे वाटून घेतो, आणि गुरे ज्या पाण्यावर येतात तिथे साल कधीच टाकत नाहीत. मला हे ठाऊक होते. मी त्यांच्याबरोबर डोहावर गेलो होतो, ते मासे त्यांच्या पंगतीत बसून खाल्ले होते.

शेवाळ काढणाऱ्याला अंगणात बोलावले. साल तू टाकलीस का, असे वडिलांनी विचारले, त्याने नाही म्हणून मान हलवली, तेव्हा ते ओरडले, "मग मासे काय हसून मेले?"

"मी नाय टाकली, बाबा. माजी गाय बी हाच पानी पिते." मग तो माझ्याकडे वळला. "दादाला इचार. आमी साल कुठं टाकतो, कशी टाकतो, समदा दादाला ठावं हाय."

त्याला माझ्या पुरचुंडीचा पत्ता नव्हता. तो माझ्यावर आळ घेत नव्हता, मला साक्षीला बोलावत होता.

मी म्हणालो, "मला काय माहीत?"

त्याने पुन्हा विचारले नाही.

वडिलांनी जमीन काढून घेतली. राब भाजून तयार होता, काळी राख पसरलेली होती. तिच्यात रोप टाकायचे तेवढे राहिले होते. ती मंडळी पोशेऱ्याकडे त्याच्या बायकोच्या माहेरी गेली. म्हातारीला बांबूला बांधलेल्या झोळीतून नेले. ती पोचली की वाटेतच गेली, हे मी कोणालाही विचारले नाही. सासरच्या माणसांनी तळ्याचे पाणी नितळ आहे म्हणून कौतुक केले. श्रावणात शेवाळ पुन्हा आले. वडील मात्र काठावर पुन्हा बसले नाहीत. त्यांना शेवटच्या आजारातही मी खरे सांगितले नाही. आधी त्यांचे भय होते आणि नंतर कीव येत होती. निदान मी तरी स्वतःला तसे समजावत आलो.

गेल्या थंडीत मोखाड्याच्या बाजारात मी नाचणी घेत होतो. शेजारची बाई कुजबुजली, "त्याची घेऊ नका. इखवाल्यांचा आहे तो." मी नाचणीवाल्याला त्याचे गाव विचारले, मग आजा विचारला. आमचे शेवाळ काढणाऱ्याचाच नातू. आजा कधीच वारला होता. पाण्यात विष टाकणारे हे नाव मात्र घराला राहिले होते. त्या नावामुळे त्यांना कोणी विहिरीच्या कामाला लावत नाही, लग्नातही पाण्याजवळ जाऊ देत नाही.

मी तिथेच, गोणीशेजारी बसून त्याला सगळे सांगितले. तो नाचणी मापत राहिला.

शेवटी म्हणाला, "माझ्या बहिणीची सोयरीक या नावापायी मोडली, बाबा. मला कशाला सांगतोस? आजानं इख टाकलं नाय, ता मला ठावं हाय. ज्यांना ठावं नाय, त्यांना सांग."

त्या कुजबुजणाऱ्या बाईला मी तिथेच सांगितले. ती हसली, म्हातारा बडबडतो आहे असे तिला वाटले असावे. आता डोंगर चढून पाड्यापाड्याला जाणे माझ्या पायांना जमत नाही. म्हणून हे लिहिले. आमच्या तळ्यातले मासे मी मारले. त्या घराने कोणत्याही पाण्यात विष टाकले नाही.