तंबाखूच्या पानातली लस

आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, अक्षरही वाकडंच. पण हे प्रकरण काही केल्या मनातून जात नाही, म्हणून लिहून ठेवते. नाव कुणाचंच घालत नाही.

निपाणी भागातल्या एका पोलीस ठाण्यात मी झाडलोट आणि चहापाणी करायची. केस तिथंच पांढरे झाले. फिर्यादी, आरोपी, साहेब, किती आले आणि गेले. मी कप ठेवायची आणि मागं सरायची. बोलायची लाज वाटे. एकदा मात्र टेबलासमोर उभं राहावं लागलं, कारण फिर्यादी मीच होते.

आमच्या गल्लीत बायकांची भिशी होती. बहुतेक जणी विड्या वळणाऱ्या. एके दिवशी ओळखीच्या घरातला एक पोरगा बूट-कोट घालून आला. बेळगावात टिळकवाडीला एक कंपनी आहे, ती औषधांचे नवे शोध लावणाऱ्या लहान लहान कंपन्यांना सुरुवातीलाच भांडवल देते, असं त्यानं सांगितलं. गुळगुळीत कागदावरचे रंगीत फोटोही दाखवले.

"आक्का, ज्या तंबाखूनं तुमची छाती खाल्ली, त्याच्याच पानातनं आता लस काढायलेत. आत्ता पैसे घाला. दर महिन्याला व्याज, आणि औषध बाजारात आलं की दुप्पट."

आधी आम्ही हसलो. पण माझ्या शेजारणीचा नवरा खोकून खोकून गेला होता. ती म्हणाली, "आपल्या पानातनं औषध निघत असंल तर त्यात आपलाबी पैसा पायजे." मग सगळ्यांनीच घातले. भिशीत पावती मागणं म्हणजे समोरच्याला तोंडावर चोर म्हणणं. इथंही कुणी मागितली नाही. ज्या दोघी-तिघी बिचकत होत्या, त्याही "ठाण्यातली आक्का घालती न्हवं?" म्हणून पुढं आल्या.

दोन महिने व्याज हातात आलं. तिसऱ्या महिन्यापासून "उद्या". मग फोनच बंद.

एकदा चहा देताना हवालदार हळूच म्हणाले, "आक्का, तुमचा तो बूट-कोटवाला पोरगा नवी गाडी घेऊन गाव सोडायच्या बेतात हाय बगा."

मी तशीच आत गेले. "साहेब, माझी तक्रार लिहून घ्या."

"पावती?"

"न्हाय."

"बँकेतून दिले?"

"रोख."

"मग आक्का, हे दिवाणी प्रकरण झालं. वकील गाठा."

"चहा निवायलाय साहेब, पण मी हलणार न्हाय."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. आजवर माझं एवढं लांब वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी चौकशी लावली. टिळकवाडीची कंपनी खरी निघाली. तो पोरगा तिथं काही दिवस कामाला होता, त्यांनीच काढून टाकला होता. फोटोचे कागद त्यानं तिथूनच उचललेले. तिथला कारभार बघणाऱ्या बाईंनी साहेबांना स्पष्ट सांगितलं, "या धंद्यात पैसा वर्षानुवर्षं अडकतो. कित्येक कंपन्या वाटेतच बुडतात. दर महिन्याला व्याज देतो म्हणणारा माणूस आमचा असूच शकत नाही."

फसवणुकीचा गुन्हा नोंद झाला. पोराला उचलून आणलं, पण तो निवांत होता. "मी एक रुपया घेतला न्हाय. या बायकांना कुणीतरी शिकवून पाठवलंय."

साहेबांनी मला विचारलं, "पैसे देताना बघणारं कोण होतं?"

"सगळ्याच जणी. भिशीत रक्कम मोठ्यानं सांगून सगळ्यांच्या देखत ठेवायची रीत हाय. तशीच ठेवली."

साहेब खुर्चीत सरळ बसले. प्रत्येकीला वेगवेगळं बोलावून जबाब घेतले. आमचा भाग कर्नाटकात, म्हणून लिहिणं कानडीत होतं. एका म्हातारीनं अंगठाच मागं घेतला. "मराठीत वाचून दावा. न वाचता एकदा गंडलोय." सगळं ठाणं हसलं, पण वाचून दाखवावं लागलं.

कुणी किती ठेवले ते सगळ्यांचं जुळलं. आणखी एक गोष्ट जुळली. त्यानं शेजारणीची एक फाटकी नोट बदलून मागितली होती.

साहेबांनी पोराला दुसरं काहीच विचारलं नाही. "फाटकी नोट कुणाची होती रे?"

"ती मी परत दिली की साहेब!" तो बोलून गेला. मग गाडी, सोनं, एकेक बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा बाप माझ्या दारात. "तुमचे तेवढे आत्ता घ्या, आणि तक्रार मागं घ्या."

"माझे एकटीचे नकोत."

"झाडणाऱ्या बाईला एवढी ऐट?"

"व्हय, हाय ऐट. माझ्याकडं बघून ज्यांनी घातले, त्यांचे आधी. माझे शेवटी."

त्या घराकडून निरोप येत राहिले. नोकरी जाईल, कोर्टात चपला झिजतील. मी ठाणं झाडत राहिले. तारखेला सगळ्याजणी विड्यांचं काम बाजूला ठेवून येत होत्या.

पुढं साहेबांनीच सांगितलं, तंबाखूच्या पानातून लस काढायचे प्रयोग खरोखर चालतात. तेव्हा मला कळलं, फसवणारा सगळंच खोटं बोलत नाही. मोठं खरं पुढं धरतो आणि त्याच्याआड आपलं खोटं लपवतो. आणि फसलेल्या माणसाला सगळे म्हणतात, वेडी होतीस, गप बस. वेड्या आम्ही नव्हतो. गप बसलो असतो, तर झालो असतो.

शेवटी त्यांच्या वकिलानं तडजोड काढली. थोडे सोडून द्या, बाकीचे लगेच देतो. न्यायाधीशांनी मला विचारलं. मी उठून पुढं झाले. "सोडायचे असते तर आलोच नसतो."

गाडी विकली, सोनं विकलं. कोर्टाच्या परवानगीनं एकेकीला पैसे मिळाले. शेजारणीला, म्हातारीला, बाकी सगळ्यांना, आणि शेवटी मला. पूर्ण मिळाले.